टॉमस चॉसर: पाच वेळा स्पीकर झालेला जमीनदार

दफ्तरी

नोव्हेंबर १४०७. इंग्लंडची संसद त्या वर्षी वेस्टमिन्स्टरला न भरता पश्चिमेकडे ग्लॉस्टरला भरली होती. राजा चौथा हेन्री याच्या तिजोरीत खडखडाट. वेल्समध्ये ओवेन ग्लिनडूरचं बंड अजून शमलेलं नाही, राजवाड्याचा खर्च आवरत नाही. २१ तारखेला राजाने सरदारांना आणि बिशपांना विचारलं, निभवायला किती कर लागेल? त्यांनी आकडा सांगून टाकला: शहरांकडून दीड दशांश, बाकीच्या मुलखाकडून दीड पंधरांश (जंगम मालमत्तेच्या दहाव्या आणि पंधराव्या हिश्शावर बेतलेले कर), वर लोकरीवरची जकात. मग कॉमन्सला, म्हणजे परगण्यांतून आणि शहरांतून निवडून आलेल्यांच्या सभागृहाला, निरोप गेला, तुमच्यातले काही जण पाठवा, आकडा ऐकून जा आणि इतरांना कळवा.

कॉमन्स खवळले. पैसा द्यायचा आम्ही आणि रक्कम ठरणार आमच्या पाठीमागे? हा आमच्या हक्कांवर घाला आहे, असं त्यांनी कळवलं. राजाला नमतं घ्यावं लागलं. ठरलं ते असं: सरदारांनी आपापसात बोलावं, कॉमन्सनी आपापसात बोलावं, राजा तिथे नसताना. दोघांचं एकमत होईपर्यंत एकानेही राजाकडे जाऊन काही सांगायचं नाही. आणि एकमत झालं की ते राजाला सांगायचं कॉमन्सच्या स्पीकरनेच, म्हणजे त्यांच्या वतीने बोलणाऱ्या अध्यक्षानेच.

तो स्पीकर होता टॉमस चॉसर. कवी जेफ्री चॉसरचा मुलगा, एवढीच त्याची ओळख बहुतेक ठिकाणी दिलेली असते. मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटतो. बापाची कविता सहाशे वर्षं टिकली हे खरंच, पण मुलाच्या कारकिर्दीत जे घडलं तेही टिकलं आहे, आणि त्याबद्दल मराठीत काहीच सापडत नाही म्हणून हा धागा.

जन्म साधारण १३६७ चा. घराण्याचा मूळ धंदा दारूचा. पणजोबा-आजोबांपासून लंडनमध्ये फ्रेंच वाइनचा व्यापार. आजोबा जॉन चॉसर साउदॅम्प्टन बंदरात राजाच्या बटलरचे दुय्यम म्हणून काम बघत. वडील जेफ्री दरबारी नोकरीत शिरले, लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब ठेवत, १३७४ पासून राजाकडून रोज एक घागर वाइन मिळत असे. १३८६ मध्ये केंट परगण्यातर्फे एकदा संसदेतही बसून आले. पण खरा वशिला आईकडचा. आई फिलिपा रोएट ही एनोच्या (आजच्या बेल्जियमकडचा मुलूख) एका सरदाराची मुलगी, आणि तिची सख्खी बहीण कॅथरीन स्विनफर्ड. ही कॅथरीन लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याची अनेक वर्षं प्रेयसी होती आणि १३९६ मध्ये त्याची लग्नाची तिसरी बायको झाली. त्यांची मुलं म्हणजे बोफर्ट घराणं. म्हणजे टॉमसची मावसभावंडं. आणि गाँटचा आधीच्या बायकोपासूनचा मुलगा १३९९ मध्ये दुसऱ्या रिचर्डला खाली खेचून स्वतः चौथा हेन्री म्हणून गादीवर बसला.

आता बघा, राजाच्या सावत्र भावांचा मावसभाऊ. टॉमस तोवर गाँटच्या पदरी होता, १३८९ मध्ये त्याला वर्षाला दहा पौंडांची तहहयात नेमणूक मिळाली होती. नवा राजा आल्याबरोबर वॉलिंगफर्डच्या किल्ल्याची किल्लेदारी मिळाली, त्या भोवतालच्या राजाच्या जमिनींचा कारभार मिळाला. ऑक्सफर्डशर आणि बर्कशरचा शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा मुख्य अधिकारी, झाला. १४०२ मध्ये राजाचा मुख्य बटलर झाला आणि थोडे खंड सोडले तर मरेपर्यंत राहिला. बटलर म्हणजे जेवणाच्या टेबलाशी उभा राहणारा माणूस समजू नका. देशात येणाऱ्या प्रत्येक वाइनच्या जहाजातून राजाचा वाटा उचलायचा अधिकार या हुद्द्याकडे होता. दहा ते वीस पिंपं असतील तर एक पिंप, वीसच्या वर असतील तर दोन, एक डोलकाठीच्या पुढचं आणि एक मागचं. पिंप म्हणजे तरी केवढं, २५२ गॅलनचं. परदेशी व्यापारी असेल तर वाइनऐवजी पिंपामागे दोन शिलिंग रोख. प्रत्येक मोठ्या बंदरात टॉमसचे दुय्यम नेमलेले असत. आजोबा ज्या खात्यात दुय्यम होते, त्याच खात्याचा नातू प्रमुख झाला.

जमीन आली लग्नातून. बायको मॉड बर्घर्श, सर जॉन बर्घर्शच्या दोन वारस मुलींपैकी एक. तिच्याबरोबर ऑक्सफर्डशरमधलं यूएल्म हे गाव आलं आणि टॉमसने तिथेच बस्तान बसवलं. मग एकेक वाढवत गेला. राणीकडून वुडस्टॉकची जमीन, १४१५ मध्ये डॉनिंग्टनचा किल्ला. मावसभाऊ हेन्री बोफर्ट १४०४ मध्ये विंचेस्टरचा बिशप झाला, त्याने टॉन्टनच्या किल्ल्याचा कारभार सोपवला.

१४०१ ते १४३१ या काळात ऑक्सफर्डशरमधून चौदा वेळा निवडून गेला. स्पीकर पाच वेळा: १४०७, १४१०, १४११, १४१४ आणि १४२१.

मला या माणसात सगळ्यात जास्त विचार करायला लावतं ते हे, की तो विरोधी पक्षातला नव्हता. पहिला स्पीकर म्हणून ज्याचं नाव घेतात तो पीटर द ला मेर, त्याने १३७६ मध्ये गाँटच्या माणसांवर तुटून पडून लोकांची वाहवा मिळवली आणि नंतर नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात कोठडी भोगली. टॉमस तर गाँटच्याच पदरी राहिलेला. राजाचं मीठ खाणारा माणूस. आणि कराबाबतचा हा नियम नोंदला गेला तो त्याच्याच वेळी. मला वाटतं तसं होणं स्वाभाविक होतं. वसुलीचं यंत्र आतून कसं चालतं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच नेमकं कुठे पाय रोवायचा ते कळतं. आणि राजालाही त्याचं ऐकून घ्यायला कमीपणा वाटला नसावा.

अबोली

सुरेख. एका दमात वाचलं. दोन शंका आहेत.

एक म्हणजे टॉमस हा खरं तर जॉन ऑफ गाँटचाच मुलगा होता असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्यात तथ्य आहे का? गाँटने त्याच्यासाठी एवढं केलं ते त्यामुळेच, असा तिथे सूर होता.

दुसरं, एवढा श्रीमंत माणूस, तरी त्याच्या नावाआधी तुम्ही 'सर' कुठेच लिहिलेलं नाही.

दफ्तरी

अबोली, ही कुजबुज जुनी आहे, पण पुरावा उलट बाजूचा आहे. १४०९ च्या एका दस्तऐवजावर टॉमसने जी मोहर उठवली, तिच्यावर अक्षरं जेफ्री चॉसरच्या नावाची आहेत. बापाची मोहर मुलगा वापरत होता. शिवाय ऑक्सफर्डचा टॉमस गॅस्कॉइन नावाचा धर्मपंडित, यूएल्मपासून काही कोसांवर राहिलेला, त्याने पंधराव्या शतकातच स्पष्ट लिहून ठेवलंय की चॉसर हा यूएल्मला पुरलेल्या टॉमसचा बाप.

शंका आली ती ढालीवरच्या चिन्हांमुळे. टॉमस बापाचं चिन्ह मागे ठेवून आईच्या माहेरचं, रोएटांचं, चक्रांचं चिन्ह मिरवायचा. पण त्यात गूढ काही नाही. बापाकडून वाइनचे व्यापारी, आईकडून राजघराण्याशी सोयरीक. सामाजिक वजन कुठल्या बाजूला जास्त होतं ते उघड आहे. आणि गाँटला आपली लग्नाबाहेरची मुलं लपवायची गरज कधीच वाटली नाही. चारही बोफर्ट मुलांना त्याने पोपकडून आणि संसदेकडून रीतसर मान्यता मिळवून दिली. टॉमस त्याचा असता तर त्यालाच का वगळलं असतं?

'सर' बद्दल: तो शेवटपर्यंत एस्क्वायरच, म्हणजे नाइटच्या एक पायरी खालीच, राहिला; 'सर' लागतं ते नाइटला. नाइट होणं म्हणजे खर्च, आणि लढाईची, परगण्याच्या कामांची जबाबदारी वाढणं. त्या काळात पात्रता असूनही नाइट न होणारे पुष्कळ जमीनदार होते. हाताशी जे होतं त्यावर टॉमसचं काही अडत नव्हतं. परगण्यातर्फे निवडून गेलेल्याला 'परगण्याचा नाइट' म्हणत, पण तो प्रत्यक्षात नाइट असलाच पाहिजे असं नव्हतं.

कोयनाकाठ

लेख आवडला, पण त्यातल्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही.

'कर भरणार आम्ही' म्हणणारे हे 'आम्ही' कोण? प्रत्येक परगण्यातून दोन जमीनदार, आणि गावोगावचे पैसेवाले व्यापारी. दशांश आणि पंधरांश हे नावापुरते अंश होते. १३३४ पासून प्रत्येक गावाचा आकडा कायमचा ठरलेला होता, पूर्ण एका कराचे देशभरातून साधारण ३७,००० पौंड. गावाने आपला आकडा भरायचा, आत कोणी किती द्यायचे ते गावातच ठरायचं. तिथे टॉमस चॉसर किती देणार आणि त्याचा कूळ किती देणार, हे कोणाच्या हातात होतं ते सांगायला नको. १३८१ मध्ये डोईपट्टीवरून केंट आणि एसेक्समधली माणसं उठली होती, त्याला अजून तीस वर्षंही झाली नव्हती. त्यांच्या वतीने ग्लॉस्टरमध्ये कोणी बोलत नव्हतं.

आणि पुढे काय झालं? १४३० च्या कायद्याने परगण्यात मत कोणाला, तर ज्याच्या स्वतःच्या मालकीच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला चाळीस शिलिंग आहे त्याला. दार आणखी अरुंद केलं. टॉमसच्या हयातीतलंच हे. मला हा माणूस हक्कांचा राखणदार वाटत नाही, स्वतःच्या वर्गाचा वकील वाटतो.

दफ्तरी

कोयनाकाठ, तुम्ही दिलेली माहिती अचूक आहे आणि ती या धाग्यात यायलाच हवी होती. वर्गाचा वकील, मान्य. पण मला त्यापुढे जायचं आहे. राजाने किती घ्यायचं हे ठरवायला राजाखेरीज दुसरं कोणीतरी हवं, आणि ते ठरवण्याची पद्धत लेखी हवी, एवढीच गोष्ट १४०७ मध्ये झाली. चाळीस शिलिंगवाल्याने मिळवलेली पद्धत पुढे बिनजमिनीच्या माणसाच्या उपयोगी पडली, कारण मताचा अधिकार वाढला तेव्हा पद्धत तयार होती. ती नसती तर मत मिळूनही खर्चाची किल्ली हातात आली नसती.

आणि राजाचा माणूस असणं फुकट पडत नव्हतं, हे १४११ मध्ये दिसतं. आदल्या वर्षी आजारी राजाच्या वतीने युवराज हेन्री आणि बोफर्ट मंडळी कारभार बघत होती. टॉमस त्यांच्या जवळचा. राजाने तोल सावरला, कारभार पुन्हा हातात घेतला, आणि त्या नोव्हेंबरात टॉमस तिसऱ्यांदा स्पीकर म्हणून समोर उभा राहिला. रिवाजाप्रमाणे त्याने मोकळेपणाने बोलण्याची मुभा मागितली. राजाने सांगितलं, आधीचे स्पीकर बोलत आले तसं बोला, पण या संसदेत नव्या प्रथा मला चालणार नाहीत. सगळ्यांसमोर. हाताखालच्या माणसाला दिलेली ही तंबी होती. त्यानंतरही टॉमस आणखी दोनदा स्पीकर झाला, पाचव्या हेन्रीच्या काळात.

निवडुंग

१४१० ची संसद आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चर्चच्या संपत्तीवर टीका करणाऱ्या विक्लिफ या धर्मपंडिताच्या मताच्या मंडळींनी, ज्यांना लोलार्ड म्हणत, त्यांनी बिशप आणि मठांच्या जमिनी सरकारजमा करायचा प्रस्ताव त्याच संसदेत आणला असं मानतात. त्यातून १५ अर्ल, १,५०० नाइट, ६,२०० एस्क्वायर आणि १०० धर्मशाळा पोसता येतील असा हिशेब मांडला होता. हिशेब फुगवलेला होता आणि प्रस्ताव फेटाळला गेला, पण सव्वाशे वर्षांनी आठव्या हेन्रीने मठांच्या बाबतीत नेमकं तेच केलं. फरक इतकाच की धर्मशाळा निघाल्या नाहीत.

मला कुतूहल आहे की अशा प्रस्तावाच्या वेळी स्पीकरची काय अवस्था झाली असेल. मावसभाऊ इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत धर्मपीठाचा बिशप, आणि आपण त्याच धर्मपीठाच्या जमिनींचे कारभारी.

पाटीपुस्तक

मी राज्यशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर.

आपल्या संविधानाच्या १०९ व्या कलमाप्रमाणे धनविधेयक राज्यसभेत मांडता येत नाही. लोकसभेने मंजूर केल्यावर राज्यसभेने ते चौदा दिवसांत परत करायचं, शिफारशी द्यायच्या तर द्यायच्या, आणि त्या मानायच्या की नाही हे लोकसभेने ठरवायचं. ते धनविधेयक आहे की नाही हे कोण ठरवणार? ११० व्या कलमाप्रमाणे लोकसभेचे अध्यक्ष. १९८ व्या कलमात हीच व्यवस्था राज्यांसाठी आहे, म्हणून आपल्या विधान परिषदेलाही धनविधेयकावर चौदाच दिवस मिळतात.

ही व्यवस्था आपण ब्रिटिश संसदेकडून घेतली आणि तिथे ती टप्प्याटप्प्याने घट्ट होत गेली. ग्लॉस्टरमध्ये फक्त एवढं ठरलं की दोन्ही सभागृहांचं एकमत हवं आणि सांगणारा कॉमन्सचा माणूस हवा. लॉर्ड्सनी, म्हणजे सरदार-बिशपांच्या सभागृहाने, कराच्या विधेयकात फेरफार करायचाच नाही, हा आग्रह कॉमन्सनी १६७१ आणि १६७८ च्या ठरावांत धरला. आणि लॉर्ड्सचा अडवण्याचा अधिकार कायद्याने काढून घेतला १९११ मध्ये. मुलांना शिकवताना मी १९११ पासून सुरुवात करायचे. यंदा १४०७ पासून करणार आहे.

एक प्रश्न: ब्रिटनमध्ये खासदाराला थेट राजीनामा देता येत नाही, त्याला 'चिल्टर्न हंड्रेड्स'चा कारभारी नेमतात आणि मग जागा आपोआप रिकामी होते. टॉमसकडे वॉलिंगफर्डच्या आसपासच्या जमिनींचा कारभार होता म्हणता, ते हेच का?

दफ्तरी

पाटीपुस्तक, या भरीसाठी मनापासून धन्यवाद.

चिल्टर्नचं: नाव तेच, भूभाग वेगळा. चिल्टर्न ही टेकड्यांची रांग दोन-तीन परगण्यांतून जाते आणि हंड्रेड म्हणजे परगण्याचा पोटविभाग, स्वतःची कचेरी आणि न्यायसभा असलेला. टॉमसकडे होते ते ऑक्सफर्डशरमधले साडेचार चिल्टर्न हंड्रेड, वॉलिंगफर्डला जोडलेले. राजीनाम्याच्या सोयीसाठी वापरतात ते स्टोक, डेसबरो आणि बर्नम, शेजारच्या बकिंगहॅमशरमधले. आणि टॉमसच्या वेळी हे नावापुरतं पद नव्हतं. दंड वसूल करणं, न्यायसभा भरवणं, राजाचा पैसा वेळेवर पोचवणं, सगळं त्यात आलं. मुख्य म्हणजे तेव्हा राजाकडून हुद्दा घेतल्याने संसदेतली जागा जात नसे. गेली असती तर टॉमस चॉसर संसदेत दिसलाच नसता.

टेम्सतीर

आम्ही यूएल्मपासून गाडीने अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

गाव उतारावर आहे. खाली झऱ्याच्या पाण्यात वॉटरक्रेसचे वाफे, वर चर्च. आत उजव्या हाताच्या प्रार्थनाघरात टॉमस आणि मॉडची कबर आहे, वर पितळी पत्र्यात कोरलेल्या दोघांच्या आकृत्या. तो पूर्ण चिलखतात, पायाशी युनिकॉर्न. ती लांब झग्यात, पायाशी सिंह. लॅटिन लेखात त्याला एस्क्वायरच म्हटलंय, या गावचा धनी आणि या चर्चचा आश्रयदाता, आणि मृत्यूची तारीख १८ नोव्हेंबर १४३४. कबरीच्या चारही बाजूंनी ढाली आहेत. राजघराणं, बोफर्ट, मोठमोठे अर्ल. रोएटांची चक्रं पुन्हा पुन्हा येतात. सोयऱ्यांची यादीच दगडावर मांडली आहे. दफ्तरींनी वर जे लिहिलंय ना, आईच्या बाजूचं वजन, ते तिथे उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं.

त्याच्या शेजारी मुलगी अ‍ॅलिसची कबर. ही तर बघतच राहावी अशी. वर संगमरवरासारख्या अलाबास्टर दगडात झोपलेली अ‍ॅलिस, डाव्या हाताला गार्टरचा, म्हणजे राजाच्या सर्वोच्च मानाच्या मंडळाचा, पट्टा बांधलेला. हा मान स्त्रियांना क्वचित मिळे. आणि खालच्या जाळीआड तिच्याच प्रेताचं शिल्प, हाडं वर आलेली, केस मागे पडलेले. जमिनीवर पालथं पडून आत डोकावलं तर त्या प्रेताच्या वरच्या छतावर रंगवलेली चित्रं दिसतात, मेरी मॅग्डालीनची वगैरे. उभ्या माणसाला ती दिसतच नाहीत. ज्याने रंगवली त्याला माहीत होतं की कोणी बघणार नाही.

चर्चला लागूनच अ‍ॅलिस आणि तिच्या नवऱ्याने १४३७ मध्ये काढलेली धर्मशाळा, तेरा गरीब पुरुष आणि दोन धर्मगुरू यांच्यासाठी. विटांचं चौकोनी अंगण, भोवती छोटी घरं. आजही तिथे माणसं राहतात. खाली शाळा, तीही आजवर चालू आहे, गावातली लहान मुलं तिथे शिकतात.

अबोली

टेम्सतीर, किती छान लिहिलंत. त्या चित्रांचं वाचून अंगावर काटा आला. अ‍ॅलिसबद्दल आणखी कोणी सांगेल का? आणि पुढे या जमिनीचं काय झालं?

दफ्तरी

अ‍ॅलिस टॉमस आणि मॉडचं एकुलतं एक मूल, १४०४ चा जन्म. पहिलं लग्न लहानपणीच सर जॉन फिलिपशी. तो १४१५ मध्ये पाचव्या हेन्रीच्या फ्रान्स मोहिमेवर गेला आणि आर्फ्लर या फ्रेंच बंदराच्या वेढ्यानंतर आमांशाने वारला. अ‍ॅलिस अकरा वर्षांची विधवा. त्याच मोहिमेसाठी टॉमसने १२ घोडेस्वार आणि ३७ तिरंदाज देण्याचा करार केला होता. ज्या युद्धाचा कर आदल्या वर्षी स्पीकर म्हणून त्यानेच मंजूर करून आणला, त्याच युद्धात जावई गेला. टॉमसच्या मनात काय आलं असेल याचा एक शब्दही कुठे नाही. तो पत्रं मागे ठेवणाऱ्यांतला नव्हता, आपल्याला तो दिसतो तो नेमणुकीच्या कागदांत आणि संसदेच्या नोंदींच्या गुंडाळ्यांत.

दुसरा नवरा सॉल्झबरीचा अर्ल. १४२८ मध्ये ऑर्लियन्सच्या वेढ्यात तोफगोळ्याने चेहरा फाटून काही दिवसांत मेला. तिसरा विल्यम द ला पोल, सफोकचा अर्ल, पुढे ड्यूक. हा सहाव्या हेन्रीचा सर्वेसर्वा झाला, फ्रान्समधला मुलूख हातचा गेल्यावर कॉमन्सनीच त्याच्यावर आरोपपत्र ठेवलं, आणि १४५० मध्ये हद्दपारीला निघालेला असताना भर समुद्रात त्याचं डोकं उडवलं गेलं. सासरा कॉमन्सचा आवाज आणि जावयाला कॉमन्सनीच खाली आणलं.

अ‍ॅलिस मात्र डगमगली नाही. पंचवीस वर्षं एकटीने जमीन सांभाळली, लँकेस्टर घराण्याची बाजू सोडून यॉर्कची धरली, मुलाचं लग्न यॉर्क घराण्यातल्या एलिझाबेथशी लावलं. चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड हे राजे या एलिझाबेथचे भाऊ. १४७५ मध्ये अ‍ॅलिस वारली. तिचा नातू जॉन, लिंकनचा अर्ल, तिसऱ्या रिचर्डचा वारस समजला जाई. तो १४८७ मध्ये स्टोकच्या लढाईत पडला. दुसरा नातू एडमंड तिसऱ्या रिचर्डनंतर गादीवर आलेल्या ट्यूडरांच्या डोळ्यांत सलत राहिला, परदेशी पळाला, पकडून आणला गेला आणि १५१३ मध्ये आठव्या हेन्रीने त्याचा शिरच्छेद केला. यूएल्म राजाकडे जमा झालं.

कोयनाकाठ

हे वाचून एक गोष्ट जाणवते. टॉमसने आयुष्यभर एस्क्वायर राहून जे जपलं, ते त्याच्या मुलीच्या घरात ड्यूक आल्यावर सत्तर-ऐंशी वर्षांत गेलं. राजगादीच्या फार जवळ जायचं नाही, हे त्याला कळत होतं की काय?

वर्गाबद्दलचं माझं मत कायम आहे. पण त्याच्या जमिनींवरच्या कुळांविषयी काही लिहिता आलं तर जरूर लिहा. हंड्रेडच्या न्यायसभेत कोणाला किती दंड झाला, कोणाची गुरं ओढून नेली, यातून तो कारभारी म्हणून कसा होता ते कळेल. स्पीकर म्हणून तो कसा होता हे आम्हाला आता पुरेसं कळलं.

दफ्तरी

नक्की. वॉलिंगफर्डच्या बाजूने पुढचा भाग लिहायला घेतो.